ऑनलाइन वर्ग निवडताना आधी शेवट पाहा

एडमोडो हा ऑनलाइन वर्ग अमेरिकेतल्या शिकागोत २००८ साली सुरू झाला. शिक्षकांना फुकट, वापरायला सोपा, मुलांना फेसबुकसारखा ओळखीचा वाटणारा. २०२०च्या टाळेबंदीत इजिप्तच्या शिक्षण मंत्रालयाने देशातल्या शाळांसाठी तोच निवडला. २२ सप्टेंबर २०२२ रोजी तो बंद झाला. ज्या शिक्षकांनी आपले धडे, प्रश्नसंच आणि मुलांचे गुण वेळेत उतरवून घेतले होते त्यांचं काम शाबूत राहिलं. ज्यांनी सगळं तिथेच राहू दिलं होतं त्यांना नव्या जागी पहिल्या धड्यापासून बसावं लागलं. आपल्याकडे क्लासचालक, प्राध्यापक, स्वयंसेवी संस्थांचे प्रशिक्षक, घरून शिवणकाम किंवा गाणं शिकवणारे लोक ‘कोणता प्लॅटफॉर्म घ्यावा?’ असं विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सुरुवात असते. नोंदणी कशी होईल, पान कसं दिसेल, फी कशी जमा होईल. माझं म्हणणं असं, की ही निवड शेवटाकडून मागे येत करावी. अभ्यासक्रम संपेल त्या दिवशी शिकणाऱ्याच्या हाती काय उरेल, आणि प्लॅटफॉर्मशी संबंध संपेल त्या दिवशी तुमच्या हाती काय उरेल, या दोन प्रश्नांना ज्याच्याकडे बरी उत्तरं आहेत तो घ्यावा. बाकीची वैशिष्ट्यं नंतर मोजावीत.

बाजारात उपलब्ध असलेल्या जागा ढोबळमानाने चार प्रकारच्या आहेत. यूडेमीसारखी बाजारपेठ म्हणजे आठवडी बाजारातली पथारी: गिऱ्हाईक बाजाराचं, भाव बऱ्याच अंशी बाजाराचा. दुसरा प्रकार भाड्याच्या गाळ्याचा. महिन्याचं किंवा वर्षाचं शुल्क भरा, तुमच्या नावाची पाटी लावून वेबसाइट किंवा ॲप मिळेल. तिसरा गूगल क्लासरूमसारखा संस्थेचा वर्ग. आणि चौथा मूडल किंवा ओपन एडएक्ससारखं मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर बसवणं, म्हणजे स्वतःचं घर. भाडं नाही, पण पावसाळ्याआधी कौलं आपणच परतायची. या चारांपैकी एकही सरसकट चांगला किंवा वाईट नाही, म्हणूनच वैशिष्ट्यांच्या तक्त्यावर टिकमार्क करत बसण्याने फारसं काही कळत नाही. तक्त्यात सगळ्यांकडे सगळं असतंच.

शिकणाऱ्याच्या बाजूने पाहू. रिचर्ड क्लार्क या अमेरिकन अभ्यासकाने १९८३ मध्येच अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन मांडलं होतं, की माध्यम हे शिक्षणाची वाहतूक करणारं वाहन आहे. किराणा कोणत्या गाडीतून आला यावर घरातल्यांचं पोषण ठरत नाही. त्याच्यावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले, आणि काही माध्यमं काही गोष्टी सोप्या करतात हे खरंही आहे. पण पुढचा अनुभव बराचसा त्याच्याच बाजूने झुकला. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन नामांकित विद्यापीठांनी मिळून २०१२ मध्ये एडएक्स हा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा मंच काढला. त्यावरच्या त्यांच्या अभ्यासक्रमांची आकडेवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली: २०१७-१८ या वर्षात नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे ३.१३ टक्के होते. शिक्षक जगातले उत्तम, तंत्रज्ञान उत्तम, तरीही शंभरातले तीन. हौसेने नाव घालणारे बरेच असतात हे लक्षात घेऊनही हा आकडा बोलका आहे. एडएक्सच्याच चार अभ्यासक्रमांतली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासणाऱ्या २०१४च्या एका अभ्यासात दिसलं, की व्हिडिओ कितीही लांब असो, त्यावर टिकून राहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांच्या पुढे जात नाही. दीड तासाचं व्याख्यान चढवून ‘अभ्यासक्रम तयार’ म्हणणाऱ्यांनी या सहा मिनिटांचा विचार करावा.

मग टिकतं काय? रोडिगर आणि कार्पिक या अभ्यासकांचा २००६चा प्रयोग शिक्षकांनी ध्यानात ठेवावा असा आहे. एका गटाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने वाचून झाल्यावर तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. म्हणजे पाहणं आणि वाचणं लगेचचं समाधान देतं, करून पाहणं मुरतं. आपल्या शाळांमध्ये ही गोष्ट वही तपासण्याच्या रूपाने कायम होतीच. म्हणून प्लॅटफॉर्म दाखवायला आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असेल: वही कशी तपासायची ते दाखवा. नववीच्या मुलीने बीजगणिताचं उदाहरण वहीत सोडवून मोबाइलवर फोटो काढला, तर तो किती टप्प्यांत तुमच्यापर्यंत येतो? त्या फोटोवरच लाल रेघ मारून ‘इथे चिन्ह बदललं’ असं लिहिता येतं का, की खालच्या चौकटीत वेगळं लिहावं लागतं? तिने चूक सुधारून पुन्हा पाठवलं तर दोन्ही प्रती शेजारी दिसतात का? ब्लाउजचं कटिंग शिकवणाऱ्या बाईंना कागदी ड्राफ्टिंगचा फोटो आणि मापं हवीत, गाणं शिकवणाऱ्याला अर्ध्या मिनिटाचं ध्वनिमुद्रण हवं, टॅली शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याने केलेल्या नोंदींची फाइल हवी. यांतलं काम जिथे सहज होतं तो प्लॅटफॉर्म त्या विषयाला योग्य. साठ विद्यार्थी असतील आणि एका वहीमागे चार मिनिटं लागत असतील, तर एका गृहपाठाला चार तास होतात. हे चार तास तीनवर आणणारी सोय आकर्षक मुखपृष्ठापेक्षा कितीतरी जास्त मोलाची आहे. डेमोमध्ये मात्र ती क्वचितच दाखवतात, कारण विकत घेणारा ती विचारत नाही.

मराठीतून शिकवणाऱ्यांची एक वेगळी परीक्षा आहे, आणि ती परदेशी तुलना-तक्त्यांत कधीच नसते. अनेक शिक्षकांचे वर्षानुवर्षांचे प्रश्नसंच श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या युनिकोडपूर्व टंकांत आहेत. ते तसेच चढवले तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि खुणांची रांगोळी उमटते. आधी युनिकोडमध्ये रूपांतर, मग प्रत्येक पानाचं मुद्रितशोधन, कारण रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं जागा बदलतात. या कामाचे दिवस वेळापत्रकात धरावेत. मराठी चढवल्यानंतरही गंमत संपत नाही. रिकाम्या जागा भरा हा प्रश्न यंत्राने तपासायचा असेल तर यंत्राला अक्षरं दिसत नाहीत, अक्षरांमागचे संकेतांक दिसतात. ‘ॲ’ दोन प्रकारे टंकता येतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. ‘सुऱ्या’तला अर्धा र वेगवेगळे कळफलक वेगवेगळ्या रीतीने उमटवतात. मुलाने बरोबर उत्तर लिहूनही शून्य गुण मिळाले, की त्याचा प्लॅटफॉर्मवरचा आणि थोडा तुमच्यावरचाही विश्वास उडतो. उत्तर म्हणून ‘२५’ आणि ‘25’ दोन्ही चालतात का हे करून पाहावं. शोधपेटीत मराठी शब्द टाकून धडा सापडतो का ते पाहावं. प्रमाणपत्राची पीडीएफ काढून त्यात ‘ज्ञानेश्वर’ किंवा ‘कृत्तिका’ अशी नावं घालावीत. जोडाक्षरं फुटलेलं प्रमाणपत्र कोणी भिंतीवर लावत नाही. मेनू मराठीत असणं हे यामानाने दुय्यम आहे. मूडलला मराठी भाषासंच आहे, पण तो पूर्ण नाही. आणि ‘सबमिट’ हे बटण आपल्या मुलांना ओळखीचंच असतं.

शेवटच्या बाकावरचा विद्यार्थी ऑनलाइन वर्गात दिसत नाही. त्याचा फोन दिसतो. दिवसाला दीड जीबी डेटाचा प्लॅन, घरात एकच स्मार्टफोन, त्यावर दोन भावंडं आणि संध्याकाळी वडिलांचे कॉल, हे चित्र गृहीत धरून हिशेब करावा. तासाभराच्या थेट व्हिडिओ वर्गाला साधारण अर्धा ते एक जीबी लागू शकतो. कमी दर्जाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पंचवीस ते पन्नास एमबीत बसतो. तेच ध्वनिमुद्रण ३२ केबीपीएसला ठेवलं तर जेमतेम अडीच एमबी. म्हणून व्हिडिओचा दर्जा आपोआप कमी होतो का, धडा रेंज असलेल्या ठिकाणी उतरवून नंतर पाहता येतो का, फक्त आवाज ऐकता येतो का, हे प्रश्न महत्त्वाचे. मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये धडे उतरवून ठेवण्याची सोय आहे. तुमच्या नजरेतल्या दुसऱ्या प्लॅटफॉर्ममध्ये ती आहे का हे विक्रेत्याच्या लॅपटॉपवर नको, सर्वांत स्वस्त फोनवर पाहावं. परदेशातल्या मराठी मुलांना शिकवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेतल्या बहुतेक भागांत घड्याळं मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातात, आपली जागची हलत नाहीत. वेळापत्रक प्रत्येकाला त्याच्या स्थानिक वेळेत दिसत नसेल तर वर्षातून दोन रविवार गोंधळात जातात.

यावर सर्वांत सयुक्तिक आक्षेप असा, की हवंय कशाला हे सगळं? व्हॉट्सॲपचा ग्रुप, यूट्यूबची लिंक आणि यूपीआयचा क्यूआर कोड एवढ्यावर हजारो क्लास चालले आहेत. आक्षेप खरा आहे, आणि वीस-पंचवीस विद्यार्थी असतील, एकच तुकडी असेल, तर मी त्यांना प्लॅटफॉर्म घेऊ नका असंच सांगेन. अडचण सुरू होते ती ‘गृहपाठ कोणी दिला नाही?’ या प्रश्नापासून. ग्रुपवर दिलेला दिसतो, न दिलेला दिसत नाही. दोनशे ‘गुड मॉर्निंग’ आणि ‘थँक यू सर’ यांच्यामधून चाळीस फोटो वेचायचे, कोणता कोणाचा ते लक्षात ठेवायचं, महिन्याने पालकांनी विचारलं तर पुन्हा शोधायचं; शिक्षकाचा सगळा वेळ कारकुनीत जातो. शिवाय ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि त्यात अल्पवयीन मुली असतात. तुकड्या दोनाच्या तीन झाल्या की मधला पर्याय म्हणून साध्या जीमेल खात्यावर चालणारा गूगल क्लासरूम पुरतो. त्यात फी जमा करण्याची सोय नाही, ती यूपीआयवर वेगळी घ्यावी; पण कोणी गृहपाठ दिला आणि कोणी नाही याची यादी समोर असते, आणि आलेल्या फाइली ड्राइव्हमध्ये विषयवार जमा होतात. बहुतेक छोट्या क्लासना याच्या पुढे जायची गरज नाही, असं माझं मत आहे.

दुसरा आक्षेप चोरीचा. ‘आमचे व्हिडिओ कोणी उतरवून टेलिग्रामवर टाकले तर?’ म्हणून क्लासचालक स्क्रीनशॉट रोखणारं, व्हिडिओवर विद्यार्थ्याचा नंबर तरंगत ठेवणारं महागडं ॲप घेतात. हे कुलूप साध्या माणसाला अडवतं; दुसऱ्या फोनने पडदा चित्रित करणाऱ्याला अडवू शकत नाही. त्यापेक्षा एनपीटेलकडे पाहावं. आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी चालवलेल्या या उपक्रमाची व्याख्यानं यूट्यूबवर सर्वांना खुली आहेत. प्रमाणपत्र मात्र आठवड्याच्या गृहपाठांना २५ आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ गुण अशा हिशेबाने मिळतं, आणि परीक्षेचं शुल्क वेगळं भरावं लागतं. म्हणजे शिकवणं उघड्यावर ठेवूनही तपासणीला मोल राहतं. ज्याचा सगळा माल व्हिडिओतच आहे त्याला चोरीची भीती रास्त आहे, पण मग ॲपपेक्षा अभ्यासक्रमाच्या रचनेत दुरुस्ती करायला हवी.

तिसरं म्हणणं: मोठ्या बाजारपेठेत गेलं की विद्यार्थी आपोआप मिळतात. काही विषयांत मिळतातही, विशेषतः इंग्रजीतून शिकवलेल्या सॉफ्टवेअरच्या कौशल्यांना. पण हिशेब मांडून पाहावा. यूडेमीवर त्यांच्या बाजारपेठेतून झालेल्या विक्रीत शिक्षकाचा वाटा ३७ टक्के आहे, तर शिक्षकाने स्वतःच्या लिंकवरून आणलेल्या विक्रीत ९७ टक्के. चारशे नव्याण्णव रुपयांना विकलेल्या अभ्यासक्रमावर, कर वगैरे वजा होण्याआधी, पहिल्या मार्गाने सुमारे १८५ रुपये येतात, दुसऱ्याने सुमारे ४८४. मराठीतून शिकवणाऱ्याचे विद्यार्थी बहुधा त्याच्या ओळखीतून, फेसबुकवरून, जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून येतात. त्यांना बाजारपेठेच्या दारातून आणून तीनशे रुपये देण्यात अर्थ नाही. आणि मोठ्या बाजारपेठा विद्यार्थ्याचा थेट पत्ता किंवा फोन शिक्षकाकडे सहसा येऊ देत नाहीत. पाच वर्षं शिकवल्यावर तुमच्या हाती गुणांकनाचे तारे उरतात, यादी उरत नाही.

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे वळावं लागतं: सोडून जाताना सोबत काय येईल? ‘आम्ही कशाला सोडू?’ असं वाटणं साहजिक आहे, पण सोडण्याची पाळी नेहमी आपल्या मर्जीने येत नाही. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करून प्रत्येक संस्थेला मिळून १०० टीबीची मर्यादा घालत असल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि २०२२ पासून ती लागू केली. ज्या विद्यापीठांनी दोन वर्षं प्रत्येक तासाचं चित्रण साठवलं होतं त्यांना आवराआवर करावी लागली. एडएक्स २०२१ मध्ये ८० कोटी डॉलरला टू-यू या कंपनीला विकला गेला आणि जुलै २०२४ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला. मात्र एडएक्सखालचं सॉफ्टवेअर २०१३ पासून मुक्त असल्याने ते कोणालाही आपल्या सर्व्हरवर बसवता येतं; आयआयटी मुंबईने आपला अभ्यासक्रम-मंच त्यावरच उभा केला. मालक बदलला तरी घर हलत नाही, असा हा फरक आहे.

म्हणून करारापूर्वी विचारायच्या गोष्टी नेमक्या हव्यात. व्हिडिओ मूळ दर्जात परत उतरवता येतात का? प्रश्नसंच कोणत्या स्वरूपात बाहेर येतो: दुसरीकडे चढवता येईल अशा स्वरूपात, की नुसत्या पीडीएफमध्ये? मूडलमधून अख्खा अभ्यासक्रम एका बॅकअप फाइलमध्ये निघतो आणि दुसऱ्या मूडलवर बसतो. प्रश्न जीआयएफटी किंवा एक्सएमएल या फाइल-स्वरूपांत वेगळे काढता येतात. मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षण विभागांनी स्कॉर्म हे प्रमाण पाळणारे धडे मागावेत. त्याचा हेतूच धडे एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेता यावेत हा आहे. विद्यार्थ्यांची नावं, गुण, हजेरी एक्सेलमध्ये मिळतात का? तुमच्या नावाचं ॲप प्ले स्टोअरवर तुमच्या खात्यातून आहे, की कंपनीच्या? कंपनीच्या खात्यातून असेल तर पाटी तुमची, गाळा त्यांचा: करार संपला की ते ॲप, त्याचे डाउनलोड, त्यावरचे अभिप्राय तिथेच राहतात. यावर कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी मूडलच घ्यावा. तसं नाही. मार्टिन दूगियामास या ऑस्ट्रेलियन माणसाने २००२ मध्ये आणलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पण सर्व्हर फुकट नाही आणि तो सांभाळणारा माणूस तर अजिबात नाही. सुरक्षेचे सुधार वेळच्या वेळी न घातलेला, बॅकअप नसलेला मूडल हा भाड्याच्या प्लॅटफॉर्मपेक्षा धोकादायक. महाविद्यालयात संगणक विभाग असेल, संस्थेकडे कायमचा तंत्रज्ञ असेल, तर जरूर घ्यावा. एकट्या शिक्षकाने या फंदात पडू नये.

मुलांच्या माहितीबद्दल थोडक्यात, कारण याबाबत बेफिकिरी फार आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल आहे, म्हणजे दहावी-बारावीचे जवळजवळ सगळे विद्यार्थी त्यात येतात. त्यांची माहिती घेण्याआधी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घ्यावी, अशी त्यात तरतूद आहे. नियमांत शिक्षणसंस्थांना काही सवलती आहेत, पण त्या मिळाल्या तरी सरळ उपाय हाच, की लागेल तेवढीच माहिती मागावी. आधार क्रमांक, जात, वडिलांचं उत्पन्न या गोष्टी गणिताच्या क्लासला लागत नाहीत. विद्यार्थ्याने खातं बंद करायला सांगितलं तर त्याची माहिती किती दिवसांत पुसली जाते, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावं.

एवढं झाल्यावर दोन प्लॅटफॉर्म शिल्लक राहतील. दोन्हींची चाचणी खाती उघडा. एक धडा, एक मराठी प्रश्नसंच आणि एक वहीतला गृहपाठ चढवा. वर्गातल्या सर्वांत जुना फोन असलेल्या तीन मुलांना तो करायला सांगा आणि जवळ बसून काहीही न सुचवता पाहा. ती कुठे अडतात ते टिपून ठेवा. आलेल्या वह्या तपासून परत पाठवा आणि त्याला किती वेळ लागला ते घड्याळात पाहा. दुसऱ्या दिवशी, जणू तुम्ही प्लॅटफॉर्म सोडून चालला आहात असं धरून, सगळं बाहेर काढा आणि दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. वर्षाचं शुल्क भरण्याआधी हे कराच. दोन संध्याकाळींचं काम आहे.